डोळे उघडे ठेवून शांत बसायचे खेळ

आधी माफी मागतो. या अंकात दरवर्षी आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं मी वाचत आलो आहे. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या सिस्टरबाई, निवृत्त वनरक्षक, एसटीचे जुने चालक. त्यांच्या पंगतीत माझं पान मांडणं हा आगाऊपणाच आहे. मी गडचिरोलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि ज्या कामाबद्दल लिहितो आहे ते मी जेमतेम एक शालेय वर्ष केलं, तेही फक्त शनिवारी. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे लिहायचं म्हटलं की मला अजून परीक्षेचा हॉलच आठवतो, आणि तिथं मी कधी पुरवणी मागितलेली नाही. पण गेल्या महिन्यात एक बातमी आली, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला ती सांगत सुटलो आहे. मित्र कंटाळले. आता तुम्हाला सांगतो. चुकलं तर लहान समजून सांभाळून घ्या.

काम असं होतं. एक संस्था जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांसाठी 'मनाचे खेळ' घ्यायची. खेळ घ्यायला कॉलेजची मुलं नेमायची. प्रशिक्षणात त्याला माइंडफुलनेस म्हणत. तो शब्द मला सुरुवातीला एका दमात म्हणता येत नव्हता, पण त्यातली गोष्ट मला पहिल्याच दिवशी आवडली. मुलांचं डोकं सारखं कुठंतरी पळत असतं. घरच्या भांडणात, हरवलेल्या गोटीत, उद्या बसणाऱ्या मारात. पळू नको म्हणून ओरडलं की ते आणखी पळतं. शेळीला दोरीनं ओढलं तर ती पाय रोवते, पण पाल्याची डहाळी दाखवली की आपणहून मागं येते. मनाला अशी डहाळी दाखवायची. एक आवाज, एक श्वास, एक चव. बस, एवढंच काम.

आमची शेती कुरखेड्याकडे, धानाची. बाबांना मी काम समजावून सांगितलं.

"पोट्टे उगे बसवाचं काम?" ते म्हणाले. "हे त सगळ्याइची माय करते. त्याच्यासाठी कॉलेज काऊन लागते बाप्पा?"

आई आतून म्हणाली, "मायले कुठी जमते? तुमालेच अजून उगं बसता नाई येत."

मला शाळा मिळाली ती पोंभुर्ण्याच्या पुढची. शुक्रवारी तास संपले की एसटीनं मूल, तिथून पोंभुर्णा, आणि रात्रीचा मुक्काम मडावी सरांच्या खोलीवर. मडावी सर त्या शाळेचे मुख्याध्यापक. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून उजाडताच त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून गावात पोचायचं. पहिलीपासून चौथीपर्यंत शाळा, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागं मोहाचं मोठं झाड आणि झाडाच्या पलीकडं लगेच जंगल.

मला ते झाड पाहूनच आनंद झाला. प्रशिक्षण देणाऱ्या पुण्याच्या ताईंनी सांगितलं होतं, शक्यतो निसर्गात बसा. मी मुलांना झाडाखाली गोल बसवलं आणि पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. डोळे मिटा. पाठ ताठ. आता कुठलाच आवाज नको. एकदम शांत.

मुलांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं एक डोळा उघडला. मग दुसरा. बघता बघता सगळ्यांचे डोळे उघडले, आणि सगळे माझ्याकडे न बघता माझ्या मागं, जंगलाकडं बघत होते. तेवढ्यात एक मुलगी अशी किंचाळली की माझ्या हातातली घंटी पडली. ती स्वयंपाकघराकडे धावली. तिच्या मागं सगळी शाळा धावली. झाडाखाली मी आणि मुलांच्या चपला उरलो.

स्वयंपाकघरातून खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई बाहेर आल्या. उजव्या हातात खिचडी ढवळायचा सराटा. डावा हात कोपरापासून वाकडा, अंगाला चिकटलेला. किंचाळणारी मुलगी त्यांच्या लुगड्यामागं. ती त्यांचीच, चौथीतली पायल.

"काय करून राह्यले जी पोरायले?"

"शांत बसवून राह्यलो, बाई."

"जंगलाकडं पाठ करून? डोळे मिटून? तुमच्या गावी वाघ नाई का?"

"नाही," मी जे खरं होतं ते सांगितलं. "आमच्याकडे हत्ती येतात."

"मंग हत्तीपुढं मिटत जा डोळे!"

मुलं खदखदून हसली. पायल सोडून.

मडावी सरांनी मला वर्गात नेऊन पाणी दिलं आणि सांगितलं. दोन वर्षांपूर्वी शेवंताबाई मोह वेचायला गेल्या होत्या, पायल सोबत होती. बाई वाकलेल्या होत्या. वाघानं हात धरला. लोक धावून आले म्हणून वाचल्या. वाघ जवळ असला की रानातली पाखरं गप्प होतात, हे इथलं पोरगंपोरगं जाणतं. त्यामुळे शांत बसा म्हणजे काय, हे मी त्यांना वेगळंच सांगून बसलो होतो. पायलला तर त्या दिवसापासून शांतता सोसतच नव्हती. ती सारखी काहीतरी वाजवत राहायची. पेन्सिल पाटीवर, टाच फरशीवर, नाहीतर गुणगुणणं. मुलं तिला रेडिओ म्हणत. घरी सगळे झोपले की ही उठून बसते, असं शेवंताबाई सांगत.

"पोट्टी हुशार हाये," सर म्हणाले. "पण चौथीच्या पुढं या गावात शाळा नाई. पाचवीचे पोट्टे पुढच्या गावी जातेत, सायकलनं, टोळी करून. मधात जंगलाचा पट्टा हाये. तिथी सायकलीच्या आवाजाबिगर दुसरा आवाज नसते. पायल म्हणते, मी नाई जात. माय म्हणते, नोको जाऊ. जूनमंदी पोट्टी घरी बसन. तुमच्या खेळायनं काही होते का पाहा."

मी घाबरून ताईंना फोन लावला. काम सोडतो म्हणालो. त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे, डोळे मिटणं हा काही नियम नाही, सोय आहे. ज्याला सोयीचं नाही त्यानं उघडे ठेवावेत. तुझ्या मुलांना कशात गंमत वाटते ते बघ आणि मला कळव. मलाही शिकायचंय."

तिथून पुढचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते. आठवडाभर मी कॉलेजात बसून खेळ जुळवायचो. अर्थशास्त्राच्या तासाला वहीत चुली काढायचो.

चुलीचं कारण असं. शाळेत गॅस संपला की शेवंताबाई चूल पेटवत, आणि फुकणी बाजूला पडलेली असे. मला एकदम सुचलं. दीर्घ श्वास घ्या, हळू सोडा, असं सांगितलं की मुलं तोंड फुगवून एकमेकांवर थुंकतात. पण फुकणी हातात दिली तर? शेवंताबाईंनी आधी नाही म्हटलं, मग बाजूला उभं राहून एकेकाला फुंकू दिलं. जोरात फुंकलं की राख डोळ्यात. घाबरत फुंकलं की निखारा काळाच. पोटातून, हळू, लांब फुंकलं की निखारा लाल होत जातो, होत जातो, आणि आपला श्वास आपल्याला डोळ्यांनी दिसतो! मुलं वेडी झाली. रांग मोडून पुन्हा रांगेत येत होती. डोळे मिटायची गरजच नव्हती, मिटले तर गंमतच दिसली नसती. त्या दिवशी खिचडी करपली आणि बाईंनी मला पहिल्यांदा "तू" म्हटलं, "पुढच्या खेपेला तूच शिजव," असं.

मग गुंडाचा खेळ. गुंड म्हणजे आमच्याकडची कळशी. काठोकाठ भरलेला पाण्याचा गुंड दोन्ही हातांत धरून पटांगणाला फेरी मारायची, थेंब सांडू द्यायचा नाही. जी मुलं वर्गात घडीभर बसत नसत ती अशी चालत, जणू गुंडात झोपलेलं बाळ आहे.

सगळेच खेळ काही जमले नाहीत. ताईंनी बेदाणा जिभेवर ठेवून हळूहळू चव घ्यायचा खेळ शिकवला होता. मी बेदाण्याऐवजी चारं नेली, आपली रानातली, ज्यांच्या बीतून चारोळी निघते. "जिभेवर ठेवा, चावू नका, आता काय वाटतं ते सांगा," असं म्हणेपर्यंत सगळ्यांची चारं पोटात. "काय वाटतं?" विचारलं तर एकमुखानं उत्तर, "अजून पायजे!" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

आणि बाटलीचा खेळ. पारदर्शक बाटलीत धानाच्या बांधीतलं गढूळ पाणी भरायचं, हलवायचं आणि ठेवून द्यायचं. हे आपलं रागावलेलं, घाबरलेलं मन. हात लावू नका, नुसतं बघा, आपणहून निवळतं. प्रत्येकानं आपली बाटली आणली. सगळ्यांचं पाणी निवळत गेलं. तिसरीतल्या गोलूचं निवळेना.

"सर, माह्यं मनच नाई निवळून राह्यलं!"

मी वाकून पाहिलं. त्यानं बांधीतलं पाणी भरताना एक बोटाएवढी मासोळीही भरली होती. गाळ बसायला लागला की ती शेपटी हलवायची.

"गोलू, आत मासोळी आहे."

"मले माहीत हाये. म्याच टाकली. रिकाम्या पाण्याले काय पाहाचं?"

मी हसून हसून खाली बसलो. पण मग सगळी मुलं आपापल्या निवळलेल्या बाटल्या सोडून गोलूच्या बाटलीभोवती जमली आणि मासोळीकडे पाहत राहिली. कोणी बोलत नव्हतं. आणि माझ्या लक्षात आलं की पायलही बोलत नाही. तिची टाच थांबली होती. बोटं थांबली होती. समोर काहीतरी जिवंत, हलणारं होतं, तोवर तिला शांततेची भीती वाटत नव्हती!

त्या दिवशी परतताना मोटारसायकलवर मी सरांच्या कानात एवढा बडबडत होतो की त्यांनी गाडी थांबवली. म्हणाले, "आधी तुमचंच पानी निवळू द्या."

त्यातून राखणीचा खेळ निघाला. त्या भागात मोह वेचायला कोणी एकटं जात नाही. बाकीचे वाकून फुलं वेचतात, एक जण ताठ उभा राहून चौफेर बघतो आणि मधूनमधून हाका देतो. हाक येते आहे तोवर सगळं ठीक आहे. त्याला राखण म्हणतात. प्रशिक्षणातला घंटीचा खेळ मी त्यावर बसवला. मुलं गोल बसायची, झाडाखाली नाही, शाळेच्या भिंतीशी. एक जण राखण. त्याच्या हातात जेवणाची थाळी आणि चमचा. तो गोलाबाहेरून फिरायचा आणि हळूच एक टोल द्यायचा. बसलेल्यांनी तो टोल पूर्ण विरेपर्यंत ऐकायचा. विरला की पुढचा. डोळे उघडे ठेवा, मिटा, ज्याची त्याची मर्जी. राखण उभी आहे.

पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळ्यांनी डोळे मिटले. मी कोणाला सांगितलं नव्हतं! गोलू तर बसल्या बसल्या डुलायला लागला. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पण माझा खेळ शांत बसायचा होता.

पायल मात्र बसली नाही. तिनं थाळी मागितली. "मी राखण." दुसऱ्या शनिवारी, "मी राखण." तिसऱ्या शनिवारी गोलू चिडला. "काऊन बे, तूच रोज? तुह्या बापाची थाळी हाये का?" ती थाळी छातीशी धरून उभी राहिली, सोडेना. मी मध्ये पडलो नाही. राखण करताना ती गुणगुणत नव्हती, टाच आपटत नव्हती, एवढं मला दिसत होतं, आणि तेवढ्यावर मी खूश होतो.

नंतर एकदा खेळ संपल्यावर मी तिला विचारलं, "पायल, तुला बसावंसं वाटत नाही का?"

ती थाळीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी माही राखण होती सर."

"कोणत्या दिवशी?"

"मायले वाघानं धरलं त्या दिवशी. मी हाका देऊन राह्यली होती. मंग एक फूल खाल्लं. तोंडात फूल होतं त्याच्यानं हाक नाई दिली."

प्रशिक्षणात यावर काही नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात शेवंताबाई भांडी घासत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. हातातलं पातेलं तसंच टाकून त्या आल्या आणि पायलसमोर खाली बसल्या.

"हे डोक्यात घेऊन बसली तू? दोन वर्सं?"

पायल थाळीच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"सात वर्साच्या पोट्टीच्या राखणीवर मी जंगलात गेली नोती वो. मी माह्या पायानं गेली. तू हाक दिली असती तरी वाघ येनारच होता, वाघ का तुह्या हाकेचा नोकर हाये?" मग हळूच, "फूल गोड होतं का?"

पायलनं मान हलवली. होतं.

"मंग झालं त."

त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, हाताला राख होती. उठल्या आणि पुन्हा भांडी घासायला लागल्या. पण घासताना त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि मी पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उगाच गुंड भरत बसलो.

त्यानंतरच्या शनिवारी पायलनं आपण होऊन थाळी गोलूच्या हातात दिली. "नीट वाजव. मधात थांबू नोको." आणि गोलात येऊन बसली. पाठ भिंतीला, डोळे सताड उघडे, नजर गोलूवर. टोल चुकला की "ए गोलू!" असं ओरडायची. एप्रिलपर्यंत हे असंच चाललं. मी मनातून वाट पाहत होतो की एकदा तरी, एका टोलापुरते तरी ती डोळे मिटेल. तिनं मिटले नाहीत. शेवटच्या शनिवारी मी विचारलं, "पाचवीला जाणार ना?" ती म्हणाली, "पाहीन." शेवंताबाई म्हणाल्या, "कशाले जीव टांगनीले लावाचा, सर? घरी राहीन त डोळ्यापुढं राहीन." मी त्यांना काय सांगणार होतो? ज्या रस्त्यानं मी जात नाही, त्या रस्त्यानं तुमची मुलगी पाठवा, म्हणून?

मग माझी परीक्षा आली. संस्थेचा प्रकल्प त्या वर्षापुरताच होता, तो संपला. मडावी सरांची बदली झाली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्यांना फोन केला तर त्यांनाही काही कळलेलं नव्हतं. शेवंताबाईंकडे फोन नव्हता. वर कोणीतरी सांगितलं की त्याच रस्त्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी वाघ दिसला आणि काही दिवस मुलं शाळेत गेलीच नाहीत. त्यानंतर मी चौकशी करणं सोडलं. ताईंना मी आमच्या सगळ्या खेळांची टिपणं पाठवली होती, त्या दुसऱ्या जिल्ह्यांत फुकणी आणि राखण शिकवत होत्या, फोटो पाठवत होत्या. मला अभिमान वाटायचा. पण प्रत्येक फोटोत मी एकच चेहरा शोधायचो, जो तिथं असणं शक्यच नव्हतं.

गेल्या महिन्यात मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो होतो. अनोळखी नंबर.

"हॅलो, खेळवाले सर का? मी पायलची माय बोलून राह्यली जी. गावच्या आशाताईच्या फोनवरून. मडावी सरनं नंबर देल्ला."

मी उठून उभा राहिलो. "बोला बाई! पायल कशी आहे?"

"काय सांगू जी. तिच्या सरनं मले शाळेत बोलावलं होतं."

"कोणत्या शाळेत?"

"कोनत्या म्हंजे? पाचवीच्या. पुढच्या गावच्या."

"जाते? सायकलनं जाते?"

"जाते ना! जूनपासून जाते, माह्यं कुठी ऐकते! मधात वाघाच्या पायी शाळा बंद होती तेवढं सोडून. ते सांगाले नाई फोन केला. तक्रार हाये तिची."

ग्रंथपाल माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी बाहेर व्हरांड्यात आलो. "काय केलं तिनं?"

"झोपते म्हने वर्गात! जेवनाच्या सुट्टीनंतर. सगळ्या पोट्ट्याइच्या मधात, दप्तरावर डोकं ठेवून. सर गनित शिकवून राह्यले अन् हे घोरून राह्यली. म्या दारातून पाह्यलं जी. तोंड उघडं. लाळ गळून राह्यली."

त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला फोनवरून कळलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"सर म्हनत होते, बाई, पोट्टीले समजावून सांगा. म्या म्हटलं, सर, गनित उद्या शिकवा जी. आज झोपू द्या तिले."